सेल्फ घेतोय, गाडी घेत नाही!

खर्र-खर्र-खर्र-खर्र... आणि शांतता. पुन्हा किल्ली, पुन्हा खर्र-खर्र-खर्र. इंजिन फिरतंय, गाडी थरथरतेय, डॅशबोर्डचे दिवे लख्ख लागलेत. पण पुढचा तो 'भुर्रर्र' काही केल्या येत नाही. मग कुठून तरी चार जण उगवतात. पहिला म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, धक्का मारू या. तिसरा म्हणतो, विकून टाका हो आता ही! चौथा काहीच म्हणत नाही, तो व्हिडिओ काढत असतो.

गंमत म्हणजे पहिल्या तिघांचंही बहुतेक वेळा चुकलेलं असतं. बॅटरी खरंच गेली असती तर सेल्फ असा जोमात फिरला नसता. 'टक्' असा एकच आवाज आला असता किंवा तोही नाही. धक्क्याचं काय? धक्का मारून आपण चाकं फिरवतो आणि गिअर टाकून चाकांकडून इंजिन फिरवून घेतो. सेल्फ म्हणजेच स्टार्टर मोटर नेमकं हेच काम करते. ती जर इंजिन झकास फिरवतेय, तर भर उन्हात अख्ख्या क्रिकेट टीमने ढकलूनही त्यात काही भर पडत नाही. आणि विकण्याचं म्हणाल, तर अनेकदा सगळा घोळ एका दमट झाकणाचा किंवा पंचवीस-तीस रुपयांच्या फ्यूजचा असतो.

हा लेख त्याच एका आजाराबद्दल आहे. गाडी जुनी, सेल्फ ठणठणीत, पण स्टार्ट होत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी घरी अशी एक गाडी असतेच. बाबांनी घेतलेली, आता 'तू चालव' म्हणून तुमच्याकडे आलेली. किंवा मामाने गावच्या घरी ठेवलेली, गणपतीत आणि शिमग्यालाच बाहेर निघणारी.

आपल्या किनाऱ्यावर अशा गाड्या जरा जास्तच दिसतात. अलिबाग, चौल, रेवदंड्यापासून मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही वाडीत डोकवा. सुपारीच्या सावलीत ताडपत्री पांघरून एखादी मारुती ८०० नाहीतर ओम्नी उभी असते. पहिली ८०० १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि शेवटची २०१४ मध्ये तयार झाली. म्हणजे सगळ्यात तरुण ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे आहे. कुठे कुठे अजून पद्मिनीही सापडते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं. वाडीतल्या पद्मिनीला मात्र अशी तारीख कुणी दिलेली नाही. ती जोवर स्टार्ट होते तोवर आहे.

आणि स्टार्ट होण्याला इथे किंमत आहे. शेवटची एसटी गेली की अनेक गावांतून बाहेर पडायचं साधन म्हणजे वाडीतली हीच एक गाडी. रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायला रिक्षा शोधायची की ताडपत्री काढायची? दुसरी गोष्ट कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झालं, वर पर्यावरण कर आहेच. एमएच-०६ वाल्यांना तपासणीसाठी गाडी पेणला न्यावी लागते. जी गाडी अंगणातून निघत नाही ती पेणला काय जाणार? मग भंगारवाला येतो, किलोचा भाव सांगतो आणि एक चांगलं इंजिन एका खराब वायरीपायी तराजूवर चढतं.

तर मुद्द्याचं. पेट्रोल इंजिनाला पेटायला मोजक्याच गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा, ठिणगी. आणि ही तिन्ही योग्य क्षणी, नीट दाबाखाली एकत्र यायला हवीत. इंजिन फिरतंय म्हणजे बाकी सगळं जागेवर आहे, यातलंच काहीतरी एक गैरहजर आहे. आपल्याला फक्त हजेरी घ्यायचीय. गाडीखाली झोपायची, हात काळे करायची गरज नाही. गैरहजर कोण हे कळलं तरी निम्मं काम झालं, कारण मेकॅनिकचा (आणि आपल्या खिशाचा) सगळ्यात जास्त वेळ तेच शोधण्यात जातो. 'बघू या प्लग बदलून', मग 'बघू या कॉइल बदलून', मग 'पंप असेल', अशा अंदाजपंचे दुरुस्तीत जुन्या गाडीच्या किमतीएवढं बिल व्हायला वेळ लागत नाही.

आधी किल्ली फिरवायचं थांबवा. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान अर्धा-एक मिनिट सोडा. सेल्फ बॅटरीतून प्रचंड करंट ओढतो, तापतो. दहा मिनिटं हट्टाने खर्र-खर्र केलं की ज्या गाडीला एक आजार होता तिला दोन होतात.

आता बोनेट न उघडता करायच्या गोष्टी. पेट्रोल आहे का? हसू नका. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. टाकीतला फ्लोट अडकतो आणि काटा पाव टाकी दाखवत बसतो. उतारावर नाक खाली करून उभी गाडी असेल तर तळाचं थोडं पेट्रोल पंपापर्यंत पोचतही नाही. दोन लिटर टाकून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. गॅस किट बसवलेली ओम्नी असेल तर स्विच बघा. जुन्या किटच्या स्विचला गॅस, पेट्रोल आणि मधली बंद अशा तीन जागा असतात. कुणाचा तरी हात लागून तो मध्ये आला की गाडीला दोन्हीकडून उपास!

मग किल्ली फक्त 'ऑन'वर न्या, सेल्फ मारू नका, आणि कान द्या. इथे एक फरक समजून घ्यायला हवा. साधारण २००० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना कार्बोरेटर आहे, नंतरच्यांना एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल उडवणारी व्यवस्था. एमपीएफआय गाडीत किल्ली 'ऑन' केल्या केल्या मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज येतो. तो टाकीतला पेट्रोल पंप. पाठीमागे एकाला बसवा, पंखा-रेडिओ बंद करा, हवं तर सीटला कान लावा. आवाज येत नाही? मग पंपाचा फ्यूज, पंपाचा रिले किंवा खुद्द पंप. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बहुतेक वेळा नकाशा छापलेला असतो. रिलेची एक सोपी ट्रिक आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले एकसारखाच असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. गाडी स्टार्ट झाली आणि हॉर्न मुका झाला, की समजा चोर सापडला. फ्यूज मात्र तितक्याच अँपिअरचा टाका. तिथे तांब्याची तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळायची आयडिया कुणी दिली, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. गाडी पेटवायचीय, पण तशी नाही.

कार्बोरेटरवाल्या गाडीत हा आवाज येणारच नाही. तिचा पंप इंजिनावरच असतो आणि इंजिनाच्या ताकदीवर चालतो. त्यामुळे आवाज नाही म्हणून पंप गेला असा निष्कर्ष काढू नका.

किल्ली 'ऑन' असतानाच डॅशबोर्ड वाचा. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायलाच हवा. एमपीएफआय गाडीत तो मुळीच लागत नसेल, तर कॉम्प्युटरलाच वीज मिळत नसण्याची शक्यता मोठी. पुन्हा फ्यूज आणि रिले. किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा भरभर लुकलुकत असेल तर तो इमोबिलायझर आहे. गाडी तुमची किल्ली ओळखत नाहीये. सेल्फ फिरतो, पण कॉम्प्युटर पेट्रोल-ठिणगी सोडत नाही. कपाटातली दुसरी किल्ली आणून बघा. आणि आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत, सेल्फ मारताना तो थोडा तरी हलतोय का बघा. काही गाड्यांत तो अगदी मेल्यासारखा पडून राहिला, तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर संशयित ठरतो.

यानंतरचं साधन सगळ्यांकडे असतं. नाक. पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि सायलेन्सरपाशी जाऊन वास घ्या. पेट्रोलचा वास भपकन येतोय? मग पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये, ठिणगी शोधा. वासच नाही? मग पेट्रोलच येत नाहीये. शंभर टक्के खात्रीची नाही, पण एवढ्या फुकटात एवढी माहिती दुसरी कुठलीच तपासणी देत नाही.

वास फारच येत असेल तर गाडी 'ओव्हरफ्लो' झालेली असू शकते. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर चार वेळा पंप केला, चोक ओढून ठेवला, की इंजिनात इतकं पेट्रोल जातं की प्लग ओले होऊन ठिणगीच पडत नाही. डिसेंबरची पहाट सोडली तर कोकणात चोकची गरज फारशी पडत नाही, तरी ओढायची सवय मात्र सगळ्यांना. चोक आत ढकला, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. जास्तीची हवा आत जाते, पेट्रोल सुकतं. पुष्कळदा गाडी एक काळा धूर ओकून स्टार्ट होते. धूर बघून शेजारी खिडक्या लावतात, पण ते चालायचंच.

आता ठिणगी. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांचा खरा दुखरा भाग हा आहे.

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला लागतात पंधरा-वीस हजार व्होल्ट, कधी त्याहून जास्त. हे काम करते इग्निशन कॉइल. तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीतला करंट अचानक तोडला की कोसळणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून दुसरीत जबरदस्त व्होल्टेज उभं राहतं. बारावीच्या फिजिक्समध्ये फॅरडेच्या नियमाचं गणित पाच मार्कांसाठी घोकलं होतं ना? तेच इथे गाडी चालवतंय. अलिबागकरांना तर चुंबकत्वाचं अप्रूप नसावं. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार आणि त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली गेली, ती आजही तिथे आहे.

कॉइलमधलं हे व्होल्टेज डिस्ट्रिब्युटरमध्ये जातं, तिथला रोटर फिरत फिरत प्रत्येक प्लगला आळीपाळीने ते वाटतो. इतकं जास्त व्होल्टेज नेहमी सोपी वाट शोधतं. हवा कोरडी, झाकण स्वच्छ असेल तर ती वाट प्लगमधून जाते. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मग डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या आत दव धरणार नाही तर काय? त्यात खारा वारा. मीठ आणि पाणी एकत्र आलं की वीज वाहायला झकास रस्ता तयार होतो. ठिणगी प्लगपर्यंत पोचायच्या आधीच झाकणाच्या भिंतीवरून इंजिनाच्या धातूत पळून जाते. इंजिन फिरत राहतं, पेट्रोल येत राहतं, पेटत काही नाही.

आमच्या घरच्या जुन्या गाडीचं एका जुलैत असंच झालं होतं. तीन आठवडे पावसात उभी, सेल्फ उत्तम, गाडी ढिम्म. बाबांचं मत बॅटरी, शेजारच्या काकांचं मत पेट्रोलमध्ये पाणी. शेवटी झाकणाच्या दोन क्लिपा काढल्या तर आत पाण्याचे बारीक थेंब, थंड पाण्याच्या ग्लासवर असतात तसे. जुन्या सुती पंचाने पुसलं, आईचा हेअर ड्रायर एक्स्टेन्शन लावून अंगणात आणला, दोन मिनिटं गरम हवा मारली. पुढच्या किल्लीला गाडी स्टार्ट! खर्च शून्य. काका अजूनही म्हणतात की पेट्रोलमध्ये पाणी होतं आणि ते त्याच वेळी योगायोगाने जळून गेलं.

हे करताना किल्ली बंद हवी. झाकणाच्या वायरी ओढून काढू नका. काढल्याच तर आधी फोटो काढा, कारण क्रम चुकला तर गाडी खोकत बसेल. कोरडं केल्यावर डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारता येतो. हा स्प्रे मुळात पाणी हटवण्यासाठीच बनवलेला, नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलं ते मिश्रण. (चाळिसाव्या! आपण दुसऱ्या एटीकेटीला रडतो.) झाकणाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तो करंट पळाल्याचा माग आहे. असं झाकण पुसून उपयोग नाही, बदलाच. आणखी एक जुनी पद्धत म्हणजे काळोख्या रात्री बोनेट उघडं ठेवून एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने लांबून बघायचं. वायरींवर निळे काजवे चमकले, तर तिथून करंट गळतोय.

प्लगची वायर उपसून हातात धरून 'करंट येतोय का' बघणारे महाभाग प्रत्येक नाक्यावर असतात. तुम्ही ते करू नका. झटका जोराचा बसतो, आणि दचकून हात फिरत्या पट्ट्यात गेला तर बोटं जातात. शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर अशी उघडी सोडून सेल्फ मारला तर मॉड्यूल जळू शकतं. ठिणगी तपासायचा छोटा टेस्टर बाजारात मिळतो, तो वायर आणि प्लगच्या मध्ये लावला की आतला दिवा लुकलुकतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नाही, कॉइल थेट प्लगवर बसते. तिथे दमट झाकणाचा प्रश्न मिटला, पण कॉइलच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज धरतोच.

गंजावरून आठवलं, अर्थिंग. बॅटरीची काळी वायर बॉडीला आणि इंजिनाला जिथे बोल्टने जोडलेली असते, ती जागा खाऱ्या हवेत आतून कुजते. वरून वायर धडधाकट दिसते. बॅटरीच्या टोकांवरही पांढरी-हिरवी भुकटी जमते. अशा वेळी सेल्फ फिरतो, पण जरासा दमल्यासारखा, आणि ठिणगीला किंवा कॉम्प्युटरला उरतं ते अपुरं. पहिल्या माणसाची 'बॅटरी गेली' ही थिअरी खरी ठरते ती इथेच. एक साधा मल्टिमीटर घ्या. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर आधी टोकं खरवडून घट्ट करा आणि बॅटरी चार्ज करा. (धक्का मारायचाच तर तो या एका प्रसंगात कामाला येतो, कारण सेल्फ करंट खात नाही.) खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं की ती भुकटी फसफसून निघते. ओतताना सोडा झाकणाच्या भोकांतून बॅटरीत जाऊ देऊ नका.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. ते उभ्या गाडीला होतं. सहा-आठ महिने न चालवलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. केसाएवढ्या भोकांचे जेट त्याने बुजतात. गणपतीला मुंबईहून आलेल्या मंडळींना गाडी दगा देते ती बहुतेक यामुळे. इलाज म्हणजे कार्बोरेटर उघडून साफ करणं, आणि ते काम हात बसलेल्या माणसाचं.

त्यात आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते सरकारने अलीकडे ओढलं आणि २०२५ पर्यंत पंपांवर ई-२० पोचलंसुद्धा. त्यावरचा राजकीय वाद बाजूला ठेवू, रसायनशास्त्र पाहू. इथेनॉलला पाणी आवडतं. टाकीत पुरेसं पाणी गेलं, झाकणाचं रबर फाटून पावसाचं असेल किंवा रिकाम्या टाकीच्या भिंतीवर धरलेल्या दवाचं, तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. आणि पंप खेचतो तळातूनच. शिवाय कार्बोरेटरच्या जमान्यातले रबरी पाइप आणि गॅस्केटं एवढं इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून बनलेली नव्हती. ती मऊ पडतात, तडकतात. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी नको, झाकण तपासा, आणि दर आठवड्याला गाडी पंधरा-वीस मिनिटं खरोखर रस्त्यावर फिरवा. अंगणात नुसती सुरू करून बंद करणं, यात बॅटरीचं नुकसानच जास्त.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. मे महिन्याचा शनिवार, वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिक, कार्बोरेटरची गाडी तापून बंद पडते आणि नंतर नुसती खर्र-खर्र. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. बोनेट उघडा, इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, अर्धा तास काढा. पण पाणी डिस्ट्रिब्युटरवर शिंपडू नका, नाहीतर मे महिन्यात जुलैचा आजार होईल. अर्ध्या तासाने सुरू होऊन पुन्हा तशीच बंद पडत असेल, तर तापल्यावर दम तोडणारी कॉइलही असू शकते.

उंदरांना विसरून चालणार नाही. नारळ-सुपारीच्या वाडीत गाडी उभी करणं म्हणजे त्यांना बंद खोलीचा फ्लॅट देणं. वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात शेंड्या, चिंध्या आणून घर करतात. तीन गोष्टींपैकी 'हवा' गैरहजर राहते ती अशीच. फिल्टरचा डबा उघडायला दोन-चार क्लिपा काढाव्या लागतात, आणि आत काय निघेल याची मानसिक तयारी ठेवावी लागते.

दोन प्रसंगांत मात्र किल्लीला हात लावू नका. एक, इंजिन नेहमीपेक्षा भलतंच हलकं आणि एकसुरी फिरतंय. नेहमीच्या खर्र-खर्रमध्ये एक ताल असतो, प्रत्येक सिलिंडरच्या दाबाचा. तो ताल गेला आणि मिक्सर रिकामा फिरवल्यासारखं वाटायला लागलं, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. काही इंजिनांत अशा वेळी सेल्फ मारत राहिलं तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग बिलाचा आकडा वेगळाच होतो. दोन, गाडी पाण्यातून काढलीय. भरतीचं पाणी रस्त्यावर आलं, बोनेटपर्यंत उडालं आणि गाडी बंद पडली, तर पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. सेल्फने जोर केला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन्ही वेळा टोचन लावा.

आणि एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगेन. पेट्रोल येत नाही म्हटल्यावर बाटलीच्या बुचाने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचं, आणि 'मार सेल्फ' असं ओरडायचं, हा रस्त्यावरचा लाडका प्रयोग. इंजिनाने उलटा भडका मारला की ज्वाळा त्याच तोंडातून वर येते, ओतणाऱ्याचा चेहरा तिथेच वाकलेला असतो आणि हातात उघडी बाटली. हे कुणी करत असेल तर त्याला थांबवा, तो वयाने कितीही मोठा असला तरी. मुलींना अशा वेळी 'तू बाजूला हो, तुला काय कळतंय' हे ऐकावं लागतं. ऐका, बाजूला व्हा, आणि येताना बाटली घेऊन बाजूला व्हा.

एवढं करूनही गाडी गप्पच असेल, तर मेकॅनिकला फोन. पण 'गाडी बंद पडलीय, या' असा नको. आणि 'कॉइल गेलीय, नवी घेऊन या' असाही नको. निदान त्याचं, लक्षणं आपली. सेल्फ मारतानाचा दहा सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅप करा, जुन्या हाताच्या मेकॅनिकला त्या तालावरून बरंच कळतं. मग सांगा, गाडी कोणत्या साली बनलेली, कार्बोरेटर की एमपीएफआय, किती दिवस उभी होती, पंपाचा आवाज येतोय की नाही, सायलेन्सरला वास आहे की नाही, कुठला दिवा लुकलुकतोय, शेवटचं पेट्रोल कधी भरलं. तो पोयनाडहून निघणार असेल किंवा म्हसळ्याहून, एवढं ऐकल्यावर पिशवीत योग्य सामान घालून निघेल. जुन्या गाडीचे पार्ट गावात पटकन मिळत नाहीत, दुसरी फेरी म्हणजे दुसरा दिवस. आणि पार्ट बदलून गाडी स्टार्ट झाली, तर जुना पार्ट मागून घ्या. काढलेलं झाकण, जुना रिले, काळा पडलेला प्लग, सगळं एका डब्यात डिकीत टाकून ठेवा, वर तारखेची चिठ्ठी. पुढच्या जुलैत खर्र-खर्र सुरू झाली की आधी तो डबा उघडायचा.